शिव मोठा की शक्ती? : एका न मिटलेल्या भांडणाचा इतिहास

काल्पनिक पात्रांपैकी कोणाचे बळ अधिक, यावरून भांडणारी माणसे आपल्याला नेहमीच थोडी हास्यास्पद वाटतात. व्हिडिओ गेममधला अमुक योद्धा तमुक असुराला हरवू शकेल काय, त्याच्या हातातले शस्त्र त्याचे स्वतःचे की देवाने दिलेले, मूळ कथेत नसलेले आणि पुढच्या भागात घुसडलेले सामर्थ्य प्रमाण मानायचे की नाही, असे वाद महाविद्यालयाच्या कट्ट्यावर तासन् तास चालतात. आमच्यासारखे मराठीचे अध्यापक ते ऐकतात, मान हलवतात आणि 'पोरं वाया गेली' असा निकाल देऊन स्टाफरूमकडे वळतात. या निकालात एक ऐतिहासिक विस्मरण दडलेले आहे. नेमक्या याच प्रश्नावर आपल्या लोकपरंपरेने एक अख्खे वाङ्मय उभे केले, त्यासाठी दोन पक्ष निर्माण केले, त्या पक्षांना चिन्हे दिली आणि गावेच्या गावे रात्रभर जागवली. त्या परंपरेचे नाव कलगी-तुरा. प्रस्तुत लेखात तिचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

१

वादाचा विषय एका ओळीत सांगता येतो. शिव श्रेष्ठ की शक्ती? तुरेवाले शिवाचे, म्हणजे पुरुषतत्त्वाचे कैवारी. कलगीवाले शक्तीचे, म्हणजे प्रकृतीचे. तुरा आणि कलगी ही दोन्ही मुळात शिरोभूषणे. त्यांच्या वाटपाची एक कथा उत्तरेत सांगितली जाते. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर यांची काव्यस्पर्धा चंदेरीच्या राजाने ऐकली. कोणालाच हरवता येईना, तेव्हा त्याने एकाला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. कथा ऐतिहासिक कसोटीवर कितपत उतरते हा वेगळा प्रश्न. परंतु परंपरेने स्वतःच्या जन्माविषयी कोणती कथा जपली, हेही इतिहासाचेच साधन असते. या कथेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. शक्तीची बाजू मांडणारा फकीर आहे, आणि राजाने निकाल दिलेला नाही. दोघांनाही गौरवून त्याने वाद पुढे चालू ठेवला.

माळवा-राजस्थानात या वादाने 'तुर्रा-कलंगी' नावाचा ख्यालाचा नाट्यप्रकार घडवला. महाराष्ट्रात तो शाहिरी फडात रुजला. पेशवाईच्या उत्तरार्धात संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर अशी शाहिरांची मोठी पिढी होऊन गेली. आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांचे पोवाडे आणि शृंगारिक लावण्या जपल्या. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालचा, य. न. केळकरांचे 'ऐतिहासिक पोवाडे' १९२८ चे, म. वा. धोंडांची 'मऱ्हाटी लावणी' १९५६ ची. मात्र फडातला जो भाग श्रोत्यांना पहाटेपर्यंत खिळवून ठेवी, त्या भेदिकाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमीच गेले. भेदिक म्हणजे कूट. एका शाहिराने पुराणातले कोडे घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलट कोडे घालायचे. पोवाड्यातून इतिहासकाराला सनावळी मिळते, लावणीतून रसिकाला शृंगार मिळतो. भेदिकातून या दोघांना उपयोगी असे फारसे काही मिळत नाही. म्हणून ते मागे राहिले असावे.

२

भंडारा जिल्ह्यात या परंपरेचे रूप खडी गंमत या नावाने ओळखले जाते. तुमसर तालुक्यातले नाकाडोंगरी हे गाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, पलीकडे बावनथडी नदी, आणि तुमसरहून तिरोडीकडे जाणारा, खनिजासाठी महत्त्वाचा ठरलेला लोहमार्ग. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सीमा अशा हलत राहिल्या तरी बोली हलल्या नाहीत. झाडीबोली, पोवारी आणि हिंदी या तिन्ही इथे एकाच बाजारात ऐकू येतात. झाडीपट्टीच्या बोलीचा आणि दंडारीसारख्या लोककलांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला, तेव्हा कुठे विद्यापीठीय मराठीला या मुलखाकडे गंभीरपणे पाहण्याची सवय लागू लागली.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ. करमणुकीला दंडार, नाटक किंवा खडी गंमत. शाहीर, त्याचे झीलकरी, ढोलकी, तुणतुणे आणि स्त्रीवेशातला नाच्या, एवढ्यावर खेळ उभा राहतो. 'उभा राहतो' हे शब्दशः खरे, कारण सगळे उभ्यानेच चालते; 'खडी' हे विशेषण त्यावरूनच आले असे मानतात. दोन शाहीर समोरासमोर ठेवले म्हणजे सामन्याला रंग चढतो. गण होतो, गौळण होते, मग एक शाहीर प्रश्न टाकतो, आणि ऐकणारा प्रत्येकजण कोणत्या तरी बाजूचा होऊन बसतो.

कोकणात हाच वाद 'शक्ती-तुरा' या नावाने चालतो. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीच्या दिवसांत जाखडीच्या नाचाबरोबर शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना प्रश्न घालतात. मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांनी तो नाट्यगृहांत नेला, तिकिटे लावली, आणि आता त्याची चित्रफीत मोबाइलवरही पाहिली जाते. सिंधुदुर्गातली डबलबारी भजने याच स्वभावाची. म्हणजे झाडीच्या जंगलापासून समुद्रापर्यंत, एकमेकांना न भेटलेले श्रोते एकाच प्रश्नावर दोन गटांत विभागलेले होते.

३

आता वादाच्या पोटात शिरू. त्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे, महिषासुरवधाचे.

मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात महिषासुराने देवांना स्वर्गातून हाकलले. देवांच्या क्रोधातून तेज बाहेर पडले, ते एकवटून देवी प्रकट झाली. शिवाने आपल्या त्रिशुळातून तिला त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र दिले, इंद्राने वज्र, हिमालयाने वाहन म्हणून सिंह. तुरेवाला इथे पाय रोवून उभा राहतो. त्याचे म्हणणे असे : तिचे शरीर देवांच्या तेजाचे आणि शस्त्रेही त्यांचीच. मग विजय कोणाचा? उसन्या पैशावर केलेल्या व्यापाराचा नफा भांडवलदाराचाच नव्हे काय?

कलगीवाला लगेच विचारतो : ती शस्त्रे देवांजवळ आधी होतीच ना? मग हरले कसे? त्रिशूळ शिवाच्या हातात असताना महिषासुर मेला नाही, देवीच्या हातात गेल्यावर मेला. तेव्हा बळ त्रिशुळात नव्हते. तुरेवाला माघार घेत नाही. तो म्हणतो, महिषासुराला पुरुषाच्या हातून मरण नाही असा वर होता. देव हरले ते वराच्या अटीमुळे, दुबळेपणामुळे नव्हे. कलगीवाला आता ग्रंथाचा आधार मागतो. हा वर देवीमाहात्म्यात कुठे आहे? तो इतर कथनांतून आलेला. एका पुराणातला वर दुसऱ्या पुराणातल्या युद्धाला लावायचा, तर मग सगळीच पुराणे उघडू. आणि मग दक्षयज्ञात सती गेल्यावर तिचे प्रेत खांद्यावर घेऊन भटकणारा शिव तुम्हाला झाकता येणार नाही. तुरेवाल्याजवळ त्यालाही उत्तर असते : त्याच शिवासाठी पार्वतीने पाने खाणेही सोडून तप केले, अपर्णा हे नाव मिळवले. कोण कोणाच्या मागे गेले ते बघा.

हा वाद आम्ही कोणा शाहिराच्या पदातून उचललेला नाही, पुराणांत उपलब्ध असलेल्या सामग्रीवरून त्याची मांडणी केली आहे. पण त्यातली पावले बघण्यासारखी आहेत. पहिले पाऊल मालकीचे : सामर्थ्य शस्त्राचे की धारण करणाऱ्याचे? दुसरे अटींचे : पराभव बळाच्या अभावाने झाला की नियमाच्या अडचणीने? तिसरे प्रमाणाचे : कोणता ग्रंथ मानायचा आणि एका ग्रंथातली गोष्ट दुसऱ्यात चालते काय? गेमच्या चाहत्यांचे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ही तीन पावले ओळखीची वाटतील. साहित्याच्या अभ्यासकालाही ती ओळखीची वाटली पाहिजेत. पहिला प्रश्न अन्वयार्थाचा आहे, दुसरा कथेच्या अंतर्गत तर्काचा आणि तिसरा पाठचिकित्सेचा. आम्ही एम. ए. च्या वर्गात हेच शिकवतो. फक्त तिथे कोणी रात्रभर बसत नाही.

गंमत अशी की हा आक्षेप खुद्द देवीमाहात्म्यानेच ओळखलेला आहे. पुढे शुंभाशी युद्ध होते तेव्हा शुंभ देवीला टोमणा मारतो की तू इतरांच्या बळावर लढतेस आणि गर्व करतेस. देवीचे उत्तर असे की या जगात मी एकटीच आहे, या साऱ्या माझ्याच विभूती. आणि तिच्याबरोबर लढणाऱ्या शक्ती तिच्यातच विलीन होतात. तुरेवाल्याचा मुद्दा शुंभाच्या तोंडी आधीच घालून ठेवलेला आहे. म्हणजे हा वाद बाहेरून लादलेला नाही. पुराणकथा मुळातच आपल्या पात्रांच्या बळाविषयी श्रोता शंका घेणार हे गृहीत धरून रचलेली आहे. हिरण्यकशिपूच्या वरातल्या अटी आणि त्यातून नरसिंहाने काढलेली वाट, किंवा स्वतःच दिलेल्या वरापुढे शिवाला पळायला लावणारा भस्मासुर, या कथांचा रस नियम आणि पळवाट यांच्या झटापटीतच आहे.

४

प्रमाण ग्रंथ कोणता, हा प्रश्न फडापुरता नव्हता. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो अत्यंत शिस्तीने हाताळला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ पासून वि. स. सुखठणकरांनी त्याला पद्धतीची चौकट दिली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहताना कित्येक लोकप्रिय प्रसंग मुख्य संहितेबाहेर, तळटिपांत गेले. स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असे द्रौपदी कर्णाला सुनावते, तो प्रसंग त्यांतलाच.

परंतु चाहते संहितेपुढे वाकत नाहीत. त्याच काळात मराठीत कर्णाचे युग अवतरले. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ चे, इरावती कर्व्यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन्ही १९६७ ची, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची. कर्ण मोठा की अर्जुन, या वादात महाराष्ट्रातली घरे विभागली गेली ती 'मृत्युंजय' वाचून. चिकित्सक आवृत्तीचे खंड उघडून नव्हे. इरावतीबाईंनी महाभारत माणसांचे म्हणून वाचले आणि कर्णाभोवतीचे वलय तपासून पाहिले, तरी सामान्य वाचकाच्या मनातला कर्ण सावंतांचाच राहिला. कवच-कुंडले काढून दिली नसती तर, परशुरामाचा शाप नसता तर, रथाचे चाक रुतले नसते तर : या 'तर'च्या मालिकेवर मराठी वाचकाने जितकी बुद्धी खर्च केली तितकी फार थोड्या प्रश्नांवर केली असेल. तिला आपण साहित्यप्रेम म्हणतो. नावे बदलून तीच मालिका एखाद्या गेममधल्या पात्राविषयी ऐकू आली की तिला वेळेचा अपव्यय म्हणतो.

५

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या उणिवा झाकून चालणार नाही. शक्ती श्रेष्ठ हा पक्ष शतकानुशतके हिरिरीने मांडला गेला, पण तो मांडणारे बहुतेक पुरुष होते. खडी गंमतीत स्त्री दिसते ती नाच्याच्या रूपात. तमाशाच्या बोर्डावर पवळेसारखी स्त्री आली आणि तिने नाव कमावले, तरी तिला मिळालेली जागा नर्तिकेची व गायिकेची. प्रकृती-पुरुषाच्या वादात पक्षकाराची नव्हे. रात्रभर प्रकृतीचा जयजयकार करून शाहीर पहाटे घरी जाई, तेव्हा घरच्या प्रकृतीच्या वाट्याला त्या जयजयकारातले काय येई, हा प्रश्न एकाही भेदिकाने घातल्याचे आमच्या वाचनात नाही. बळाचा वाद पुराणातल्या पात्रांपुरता ठेवला की त्यातून घरातली आणि गावातली बळाची उतरंड शाबूत राहते.

ही अडचण ज्यांना दिसली त्यांनी प्रश्नच बदलले. सत्यशोधक जलशांनी फडाचा साचा घेतला आणि देव कोणता मोठा याऐवजी देवाच्या नावावर कोण पोट भरतो हे विचारले. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा १९३० च्या दशकात उभा राहिला. त्यात सवाल-जवाब होते, पण सवाल पाणवठ्याचे आणि मंदिरप्रवेशाचे होते. अण्णा भाऊ साठ्यांनी गणातून गणपतीलाच बाजूला केले आणि मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन केले. या साऱ्यांना वादाची कला कलगी-तुऱ्याने आयती दिली होती. प्रश्न जाहीरपणे घालावा, समोरच्याला बोलू द्यावे, उत्तर तयार करून द्यावे आणि श्रोत्यांपुढे द्यावे, ही सवय गावाला आधीच होती. ज्या जातींना वेदाचा अधिकार नाकारला गेला त्यांच्यातल्या शाहिरांनी सांख्याचे पुरुष आणि प्रकृती पाठ केले, त्यांवर वाद घातला आणि जिंकला. या तालमीचे मोल कमी नाही. सगनभाऊंसारखा मुसलमान शाहीर मराठी फडात अग्रभागी उभा राहिला, तोही याच तालमीत.

६

मग निकाल? तो तर केव्हाच लागलेला होता. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात शिव आणि शक्ती यांच्या ऐक्याचे निरूपण केले. तिथे एकाला दुसऱ्यावाचून अस्तित्व नाही, मोठे-लहान हा भेदच उरत नाही. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'सौन्दर्यलहरी'चा आरंभही याच्या जवळ जातो. शाहिरांना हे ठाऊक नव्हते असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्यांना ते ठाऊक होते आणि तरीही त्यांनी वाद मिटू दिला नाही. उत्तर ठाऊक असताना प्रश्न जिवंत ठेवणे, यासाठी एक प्रकारचे शहाणपण लागते. तुरा नसेल तर कलगीला सामना नाही. प्रतिपक्षाचे असणे ही आपल्या असण्याची अट आहे, हे अद्वैत त्यांनी तत्त्वज्ञानातून नव्हे तर धंद्यातून शिकून घेतले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम प्रसिद्ध केला. राजी ही सर्कशीत खेळ करणारी मुलगी. महाबलासुराने तिचा भाऊ गोलू पळवून नेला आहे, आणि त्याला सोडवायला निघालेल्या तिला देवांची शस्त्रे मिळत जातात : त्रिशूळ, शार्ङ्ग धनुष्य, नंदक खड्ग. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. ही मुलगी काय करू शकेल, याविषयी ते आपसांत बोलत असतात. आमच्या मते कलगी-तुऱ्याच्या श्रोत्याला हा गेम समजावून सांगावा लागला नसता. त्याने पहिल्या पंधरा मिनिटांत विचारले असते : असुर मारला तो पोरीने की त्रिशुळाने? आणि शेजाऱ्याशी भांडायला सुरुवात केली असती.

एक फरक मात्र आहे आणि तो उपेक्षणीय नाही. गेममधले बळ आकड्यांत मोजलेले असते आणि ते आकडे निर्मात्याच्या हाती असतात. त्याने एक दुरुस्ती पाठवली की कालचा बलवान आज दुबळा. पुराणातल्या बळाला असा मालक नव्हता, म्हणून शाहिराला निर्मात्याकडे दाद मागता येत नसे. त्याला समोरच्या शाहिराचे ऐकून घ्यावे लागे, त्याची पाळी संपेपर्यंत थांबावे लागे, आणि पुढच्या मंडईत पुन्हा त्याच्याचसमोर उभे राहावे लागे. आजच्या चाहत्याजवळ शाहिराइतकीच स्मरणशक्ती आहे, तर्कही आहे. त्याच्याजवळ नाही तो फड, म्हणजे प्रतिपक्षाला पाळी देणारी जागा. ती जागा त्याला देणे हे शिक्षकांचे काम आहे. आमच्या वर्गातल्या एखाद्या तासाला दोन पक्ष करून, पुराणाधार किंवा कथाधार मागून, उत्तर देईपर्यंत प्रतिपक्षाला ऐकून घ्यायला लावून हा वाद चालवायला कोणती हरकत आहे? विषय महिषासुर असो की महाबलासुर. अन्वयार्थ, तर्क आणि पाठचिकित्सा या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप येतील. आणि यावेळी कलगीची बाजू मांडायला मुलींनी उठावे, एवढी दुरुस्ती तरी आपण परंपरेत करू शकतो.